पाचशे प्रती

पुस्तक आलं. भुसावळच्या छापखान्यातून रिक्षात घालून सावद्याला आणलं. पाचशे प्रती, पन्नासाचा एक असे दहा गठ्ठे. घरात जागा नाही, म्हणून पलंगाखाली सरकवले. रात्रभर झोप आली नाही.

लोकांना वाटतं, पुस्तक संपलं की लिहिणारा मोकळा होतो. मित्रांनो, तसं काही होत नाही. माझा बाप जन्मभर दुसऱ्याच्या मळ्यातून केळीचे घड वाहत आला. तो म्हणायचा, घड उतरवला तरी मान लवकर सरळ होत नाही. सहा वर्षं लिहून शेवटचं पान संपलं तेव्हा मला बापाची मान आठवली.

आधी एका प्रकाशकाकडे पाठवलं होतं. उत्तर आलं, भाषा शुद्ध करा, शिव्या काढा, मग बघू. आता सांगा, त्या शिव्या मी थोड्याच रचल्या होत्या? आमच्या माणसांनी ऐकल्या तेवढ्याच लिहिल्या. त्या काढल्या तर घालणारे सुटतात. मी काढल्या नाहीत. रेल्वेतून निवृत्त होताना मिळालेल्या फंडातले पैसे काढले आणि स्वतःच छापलं.

मग दुसरं ऐकायला लागलं. "सोताच छापलं का? मंग काय, पैसा असला की कोनीबी लेखक!" हसत बोलतात, पण लागतं.

इथून जवळच फैजपूर. १९३६ च्या डिसेंबरात तिथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यातलं पहिलं. त्याचं कौतुक आम्ही लहानपणापासून ऐकलं. पण त्याच वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला बाबासाहेबांच्या भाषणातले विचार पचले नाहीत, त्यांनी परिषदच रद्द केली, आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं, हे कुणी सांगितलं नाही. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. पुढे १९५६ च्या सप्टेंबरात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' छापायचा खर्च वीस हजारांच्या घरात गेला. तेव्हा त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं, सरकारने पाचशे प्रती घ्याव्यात म्हणून. सरकारला ते जमलं नाही. ग्रंथ १९५७ साली निघाला. तो बघायला बाबासाहेब नव्हते. पाचशे प्रती! घटना लिहिणाऱ्यावर ही वेळ आली, तिथं मी कशाला लाजू?

ती लाज गेली. दुसरी मात्र गेली नाही.

माझ्या मायला वाचता येत नाही. १९७२ च्या दुष्काळात तिनं आम्हा पोरांसाठी मळ्यातून केळीची एक फणी उचलली. पकडली गेली. तीच फणी डोक्यावर देऊन तिला गल्लीतून फिरवलं. हे मी लिहिलं. छापण्याआधी तिला विचारलं नाही. गठ्ठा फोडला आणि ते प्रकरण तिला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "हे कशाले लिव्हलं रे? त्या टायमाचे बुढे मरून गेले. आता कोनाले मालूम नव्हतं. तू पाचशे जनाले सांगितलं."

मी म्हणालो, "माय, लाज तुही नाय, फिरवनाऱ्याची हाये."

"तुले पुस्तकात तसं वाटते. फनी माह्या डोक्यावर व्हती."

दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "फिरवनाऱ्याचं नाव टाकलं का?"

"नाय."

"मंग माहंच कसं टाकलं?"

मी गप्प. त्या घरच्या मळ्यात आजही माझे चुलतभाऊ घड वाहायला जातात, म्हणून मी ते नाव गाळलं होतं. प्रकाशकाला मोठ्या तोऱ्यात म्हणालो, घालणारे सुटतात. आणि सोडणारा मीच निघालो. सहा वर्षांत हे मला कळलं नाही, मायला तीन दिवसांत कळलं.

येत्या ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीजवळ चादर टाकून पुस्तक विकायला बसणार आहे. मायला म्हणालो, दुसरी आवृत्ती निघाली तर त्याचं नाव टाकतो.

ती म्हणाली, "आधी हे तर खपू दे."

एवढं बोलली, तेव्हा कुठं मान जरा सैल झाली.