झडीचा माग

भामरागडहून बंगालच्या उपसागराचा किनारा सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आत आहे. मुंबई आठशेच्या पुढे. गडचिरोली-चंद्रपूरच्या झडीचा माग काढायचा तर नजर पूर्वेला हवी, हे मी समुद्री वाऱ्यांचे नकाशे वाचू लागल्यापासून सांगत आलो आहे.

हे नकाशे उपग्रहावरून बनतात. पण उपग्रहाला वारा दिसत नाही, वाऱ्याने खरबरीत झालेलं पाणी दिसतं. मामा (माजी मालगुजारी) तलावावर झुळूक उतरली की बारीक तरंगांचा पट्टा सरकत जातो, तसंच. उपग्रहावरचा स्कॅटरोमीटर वरून तिरप्या रडारलहरी सोडतो. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरच्या तरंगांवरून त्या जितक्या जोरात परततात तितका वारा अधिक. आपल्याकडे 2009चा ओशनसॅट-2 आणि 2016चा स्कॅटसॅट-1 याच कामाचे होते; 2022चा ओशनसॅट-3 याच कामाचा.

वेग कळतो, दिशा मात्र झगडायला लावते. एकाच जागेकडे निरनिराळ्या कोनांतून पाहूनही गणित कधी कधी चार उत्तरं देतं, म्हणजे नकाशाच्या एका चौकटीत चार बाण. शेजारच्या चौकटी पाहून त्यातला एक निवडायचा. त्यात मुसळधार पाऊस रडारलहरींना गढूळ करतो, आणि नेमका तो कमी दाबाच्या पोटातच असतो. अशा चौकटींवर मी रेंगाळतो. कौशल्य लागतं ते इथेच.

जुलै-ऑगस्टमध्ये उपसागराच्या उत्तर भागात पश्चिमेचे वारे जोरात असतातच. मी शोधतो ते त्यांच्या उत्तरेला, बंगालच्या किनाऱ्यालगत, उलटे फिरलेले पूर्वेचे बाण. ते उमटले की कमी दाबाचा भोवरा पुरा झाला. वारा 17 नॉटवर गेला की हवामान खातं त्याला डिप्रेशन म्हणतं. मग तो ओडिशा, छत्तीसगडवरून वायव्येकडे सरकतो. मोसमी डिप्रेशनचा सर्वांत जड पाऊस केंद्रावर नाही, वाटेच्या डाव्या अंगाला, नैर्ऋत्येला पडतो. म्हणून केंद्र छत्तीसगडात असतानाच आमच्याकडे झड लागते, इंद्रावती फुगते, तिच्या दाबाने पर्लकोटा नदीचं पाणी मागे तुंबून पुलावर चढतं आणि भामरागड तुटतं.

धान रोवण्याच्या दिवसांत काका फोनवर विचारतात, "का गा, रोवणा आवरू का थांबू?" बाण फिरलेले दिसले तर मी सांगतो, "दोन दिवस पऱ्हे उपटू नका काका, बांधीतलं पाणी काढायची वाट मोकळी करा." भोवरा किनाऱ्यावर चढला की माझं साधन थांबतं, जमिनीवर ते चालत नाही. तिथून पुढे नागपूरचं डॉप्लर रडार आणि नदीकाठच्या पातळ्या पाहायच्या.