वेचणाऱ्या हातांसाठी

खामगावला रेल्वे आली ती कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला, साहेबाची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली, आणि १८७० साली जलंब ते खामगाव हा जेमतेम १३ किलोमीटरांचा फाटा सुरू झाला. उद्‌घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. बोंडातला कापूस समुद्रापार लवकर पोचावा म्हणून रूळ आले, इंजिन आलं, सरकी काढणारी जिनिंग आणि गाठी दाबणारी प्रेस आली. त्या काळातलं जगातलं नवं ते सगळं आमच्या मुलखात येऊन उभं राहिलं.

ज्या बाईच्या बोटांनी तो कापूस बोंडातून निघतो, तिच्यापर्यंत मात्र यातलं काहीच पोचलं नाही.

ती आजही तशीच वेचते. दिवाळीच्या आगेमागे पहिला वेचा सुरू होतो. दव सुकलं की कमरेला ओटी बांधायची आणि तास धरून निघायचं. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत रुततात. ओटी भरत जाते तसा तिचा सगळा भार कमरेवर येतो. मजुरी किलोवर, म्हणून थांबायचं नाही. माझ्या मायच्या बोटांच्या कडा हिवाळाभर सोललेल्या असत. रात्री चुलीपुढे बसून ती त्यांना गोडं तेल लावी, आणि सकाळी पुन्हा त्याच बोटांनी ओटीची गाठ मारी.

कापूस वेचणारी अवजड यंत्रं परदेशात आहेत. पण इथलं वावर दोन-चार एकरांचं, बोंडं एकदम फुटत नाहीत, वेचे तीन-चार होतात. म्हणजे हात राहणारच. मग शोधही हातासाठीच लागायला हवा. मला हवी आहे अशी ओटी, जिचे रुंद पट्टे खांद्यावरून येतील आणि भार पाठीवर वाटून देतील. बोटांच्या टोकांना पातळ, धुता येणारी टोपणं हवीत, ज्यांतून कापसाचा स्पर्श कळेल पण बोंडाचं टोक लागणार नाही. आणि संध्याकाळी वजन मोठ्यानं बोलून सांगणारा काटा हवा, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या बाईलाही आपला आकडा आपल्या कानांनी ऐकता येईल.

वावरातून ती फाट्यावर येते, एसटीसाठी. मार्च २०२३ पासून तिला अर्ध्या तिकिटात जाता येतं, आणि त्या सवलतीनं कितीतरी जणी माहेरी, दवाखान्यात, बाजारात जाऊ लागल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. आता गाडी केव्हा येणार तेवढंही तिला कळावं. गाडी राजूर घाटात आहे की बोथ्याच्या घाटात, हे फाट्यावरच्या एका खांबानं बटण दाबताच मराठीत सांगावं. त्या खांबाशेजारी सावली असावी, आणि बाईमाणसाला निर्धास्त जाता येईल असं स्वच्छतागृह.

घाट उतरून पूर्णाकाठी गेलं की पाण्याची गोष्ट निघते. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगावचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. इथं जमिनीखालचं पाणी मुळातच खारट आहे, आणि मूत्रपिंडाच्या आजारानं खचलेली घरं या पट्ट्यात भेटतात. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालतील, असं भारतीय मानक सांगतं. ते मोजणारं पेनाएवढं यंत्र बाजारात मिळतं. पण हंडा घेऊन हातपंपावर आलेल्या बाईला त्याचा काय उपयोग? तिला पंपावरच दिसायला हवं : हिरवा पट्टा असेल तर प्या, लाल असेल तर फक्त भांडी घासा.

हे स्वप्नरंजन नाही, कारण माणसाचा विचार आधी करून ठेवला की काय होतं, ते याच जिल्ह्यात रोज दिसतं. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाची रांग लांबच लांब असते, पण तिथं खेकसणं नाही, ढकलाढकली नाही. गावोगावचे लोक आपापल्या पाळीनं सेवेला येतात आणि अनोळखी माणसालाही 'माउली' म्हणून हाक मारतात. थकलेल्याला कुठं टेकायचं, तहानलेल्याला पाणी कुठं मिळेल, हे कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. तिथला शोध यंत्राचा नाही. तो आस्थेचा आहे, आणि आस्था फाट्यावर, हातपंपावर, वावरातही नेता येते.

त्याच शेगावात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या आणि जिल्ह्यातल्या साऱ्या शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे : शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय ठरवण्याआधी एक दिवस वेचणीला जा. ओटी बांधा, संध्याकाळपर्यंत वेचा, काट्यापाशी उभे राहा. मग जे बनवाल ते आधी त्या बाईच्या हातात द्या. तिनं नको म्हटलं, तर पुन्हा बनवा.