शिक्का कोणाचा?

मूल, जि. चंद्रपूर

चि. मीनल,


'काका, सिंगापूरच्या जमिनीत काही नाही तरी बघा कुठं गेलं, आणि आपल्याकडे कोळसा, लोखंड, बांबू, वाघ असून काय उजेड पडला?' हे तुझं वाक्य मला झोंबलं. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर सोडून दिलं असतं. धानोऱ्यात वाढलेल्या पोरीनं लिहावं?

तुमचं बेट साडेसातशे चौरस किलोमीटरही भरत नाही. बफर धरून आपल्या ताडोबात तशी दोन मावतील. १८१९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या रॅफल्सनं तिथं जकातमुक्त बंदर थाटलं, जहाजं येत राहिली, पण १८६७ पर्यंत हुकूम कलकत्त्याचा. १८५४ पासून आपला चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूरही त्याच दप्तरात! ज्या सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलपुढे फोटो काढलास ना, ते हिंदुस्थानातून नेलेल्या कैद्यांनी बांधलंय. हे नाही लिहिलंस.

९ ऑगस्ट १९६५ ला मलेशियानं सिंगापूरला वेगळं काढलं तेव्हा पंतप्रधान ली क्वान यू टीव्हीवर रडले. पिण्याचं पाणीसुद्धा बरंचसं मलेशियातल्या जोहोरचं. तरी सावरले, कारण बंदराच्या कागदावर आता शिक्का त्यांचा होता. मी तर म्हणतो, माल कोणाचा हे विचारूच नये, तो कोणाच्या शिक्क्यानं हलतो ते बघावं.

आपल्याकडे उजेड पडला नाही म्हणतेस, मग तुझ्या धानोऱ्याजवळचं मेंढा-लेखा काय आहे? २००९ मध्ये त्या गोंड गावाला १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा, पण वाहतूक परवाना वनखात्याच्या टेबलावर. मग तो बांबू विकायचा कसा, बाप्पा? गावाचे पुढारी देवाजी तोफा आणि गावकरी हटले नाहीत. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. दिसायला पावतीपुस्तकच: माल किती, कुठून कुठं, खाली सही. पण ती सही गावाची झाली आणि व्यापारी गावाच्या दारात टेंडर भरायला आले.

आता आष्टी-आलापल्ली रस्त्यावर सूरजागडच्या खाणीतल्या लोहखनिजाचे ट्रक धावतात. त्या मालाच्या कागदावर कोणत्या ग्रामसभेची सही असते, हे विचारायचं सोडून तू आपल्या मातीलाच नावं ठेवतेस!

असो. विचारलं होतंस तिथल्या नागरिकत्वाचं. दोन पासपोर्ट ना ते ठेवू देत ना आपण, हे तुला ठाऊक आहेच. माझा जीव तुझ्या पोट्ट्यात अडकलाय. तिथं मुलगा अठराचा झाला की दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा, १९६७ पासून कायदाच आहे. तुझ्या पत्रात त्याबद्दल चकार शब्द नाही. जावईबापूंना माहीत आहे का? दोघांत बोलणं झालं का? की फ्लॅट स्वस्त मिळतो एवढ्यावरच गाडी अडली? आज त्याला विचारलं तर तो बंदुकीच्या नादानं हो म्हणेल, त्याच्या होकाराला काय अर्थ!

नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाच आणि जावईबापूंना मला फोन करायला सांग. तोवर कुठल्याही कागदावर सही करू नकोस.

तुझा,
बंडूकाका