पेठच्या वाटेवरची रानकेळ

नाशिकहून पेठचा रस्ता धरला, की रामशेजचा किल्ला मागे पडतो आणि सावळ घाट लागतो. पुढे करंजाळी, मग कोटंबीचा घाट. सारा प्रवास सुमारे ५५ किलोमीटरांचा; पण श्रावणात तो संपूच नये असे वाटते. उतारावर नागली-भाताची हिरवी खाचरे आणि कातळाच्या कपारींत उभ्या रानकेळी!

बुंधा ठेंगणा, फुगीर, पाने ऐसपैस. उन्हाळ्यात हिचा मागमूस नसतो. कंद जमिनीत झोपतो, पहिल्या पावसाला जागा होतो. फळ सोलले, तर आत गर नावाला आणि काळ्या टणक बियाच फार. बरोबरचे गुरुजी हसून म्हणाले, "साहेब, ही केळी खायची नाहीत, बघायची!"

आपल्या घरच्या केळ्यात बी नसते. ती केळ मुनव्यांनी वाढते. प्रत्येक मुनवा आईची हुबेहूब प्रतिकृती. रानकेळीला मुनवे फुटत नाहीत. तिने आयुष्यात एकदाच फुलायचे, वटवाघळांकरवी पराग मिळवायचे, बिया टाकायच्या आणि मरायचे. एवढी यातायात कशाला? सोपा मार्ग सोडून बहुतेक जीवसृष्टी नर-मादीच्या वाटेने का गेली?

विल्यम हॅमिल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८० साली एक उत्तर मांडले: परोपजीवींमुळे! रोगजंतूंच्या पिढ्या भराभर पालटतात. चोराला एका कुलपाची किल्ली सापडली आणि आळीतली सारी कुलपे सारखीच असली, तर आळीच लुटली जाते. मीलनातून झालेल्या संततीत मात्र दर पिढीला कुलपे बदलतात.

न्यूझीलंडच्या तळ्यांत एक गोगलगाय आहे. तिच्यातल्या काही माद्या नराशिवाय प्रजा वाढवतात, काहींना नर लागतो. कर्टिस लाइव्हली यांना १९८७ साली दिसले, की जिथे परोपजीवी कृमी जास्त, तिथे नरही जास्त. सारे कोडे एवढ्याने सुटत नाही. पण धागा पक्का आहे.

केळीची कथा तर डोळ्यांसमोरची. 'ग्रो मिशेल' ही जगाच्या बाजारातली केळ पनामा रोगाने १९६०च्या सुमारास व्यापारातून उठली. तिच्या जागी आलेल्या कॅव्हेंडिश गटातलीच केळ आज जळगावच्या बागांत आहे, आणि त्या रोगाचा नवा प्रकार बिहार-उत्तर प्रदेशात येऊन पोहोचला आहे. लाखो झाडे, पण कुलूप एकच!

म्हणून घरात थोरल्याचे नाक आजोबांवर आणि धाकटीचे मामावर गेले, तर कुरकुरू नये. निसर्गाने प्रत्येकाला वेगळे कुलूप दिले आहे.