अवतरणचिन्हे आणि एक मोडी पत्र

पणजोबांनी १९३१ साली रोह्याहून पेणच्या मेहुण्यांना लिहिलेल्या मोडी पत्राचे लिप्यंतर करताना मी एका वाक्यापाशी अडलो : दादा म्हणाले मी शेत विकणार नाही असे सावकारास कळवावे. दादा म्हणजे पणजोबांचे थोरले बंधू.

मोडीत शब्दही सुटे नसत, मग विरामचिन्हे कोठली? मेजर टॉमस कँडी यांच्या ‘विरामचिन्हांची परिभाषा’ (१८५०) या पुस्तिकेने इंग्रजी वळणाची चिन्हे मराठी गद्यात आणली. आमच्या घरच्या पत्रांपर्यंत ती पोहोचली नव्हती. इंग्रजीत अवतरणातील पूर्ण वाक्य मोठ्या अक्षराने सुरू होते. देवनागरीत तशी सोय नाही. आपला भार ‘असे’, ‘म्हणून’ यांवर, आणि हे शब्द बोलणे संपल्याचे सांगतात. ‘की’ गाळला की ते कोठे सुरू झाले हे वाचकाने ठरवायचे. येथे तर ते कोठे संपले हेही ठरेना.

अवतरण ‘नाही’पाशी मिटविले तर नकार दादांचा. ‘कळवावे’पर्यंत नेले तर दादा केवळ सल्लागार, आणि ‘मी’ म्हणजे पणजोबा. मी दुसरे वाचन छापले. त्यात वंशाभिमान नव्हताच, असे कसे म्हणू?

लेख वाचून पेणचे चुलत बंधू, दादांचे पणतू, एवढेच म्हणाले, “अण्णा, ही चिन्हं मूळ कागदावर आहेत का?”

शेत केव्हाच गेले आहे. सुधारित मुद्रितात मी चिन्हे काढून दोन्ही वाचने दिली आहेत; पेणला प्रत अद्याप पाठवायची आहे.