विजेची वाट : धनाची कीं ऋणाची?

धन आणि ऋण हे शब्द मूळचे जमाखर्चाचे. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें 'ब्राह्मस्फुटसिद्धान्तां'त ते संख्यांस लावून त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नियम घालून दिले. विजेला असा अधिक-उण्याचा हिशेब लावला तो अमेरिकेंतील बेंजामिन फ्रँकलिननें, १७४७ सालीं. वीज हें एकच द्रव्य. जेथें तें वाजवीहून जास्त सांचेल ती बाजू अधिक, जेथें कमी पडेल ती उणी, अशी त्याची कल्पना. घांसलेल्या कांचेस त्यानें अधिक मानलें. खरोखर अधिक कोण, हें पाहण्याचें साधन त्या काळीं नव्हतें. पुढें १८९७ सालीं जे. जे. टॉमसननें इलेक्ट्रॉन शोधून काढला, तों तो निघाला ऋणभारित! तांब्याच्या तारेंतून चालतात ते हेच इलेक्ट्रॉन. म्हणजे पुस्तकांतला बाण धन टोंकाकडून ऋण टोंकाकडे, आणि वाटसरू नेमका उलट.

आमच्या धाकट्या नातीनें दहावीच्या वर्गांत हेंच विचारलें. 'परीक्षेंत बाणाप्रमाणें लिही, नसत्या शंका काढूं नकोस,' एवढेंच उत्तर मिळालें, आणि तेव्हांपासून पोरीनें वर्गांत तोंड उघडणेंच सोडलें. आम्हीं छत्तीस वर्षें संस्कृत शिकविलें. नियम आज पाठ नसला तर उद्यां होतो. विचारण्याची हौस गेली कीं ती परत आणतांना नाकीं नऊ येतात.

तिला आम्हीं घरचेंच उदाहरण दिलें. शेजाऱ्याचे शंभर रुपये आपल्या घरीं आले काय, किंवा आपलें शंभराचें कर्ज त्यानें स्वतःच्या शिरावर घेतलें काय, आपली शिल्लक सारखीच. म्हणूनच बाण न बदलतां सारीं गणितें बरोबर येतात. मिठाच्या पाण्यांत तर धन आणि ऋण असे दोन्ही कण परस्परविरुद्ध दिशांनीं जातात, आणि दोघांचीहि जमा त्या एकाच बाणांत होते. बाण हा संकेत आहे. तो बदलावा असें आम्हांस वाटत नाहीं. पण संकेत हा संकेत म्हणूनच सांगावा. शब्दार्थाचा संबंध संकेतानें ठरतो असें न्यायशास्त्रहि म्हणतें. तेथें कोणी शंकेला बंदी करीत नाहीं, पूर्वपक्षावांचून तर पानहि हलत नाहीं.

'मग खरें कोण चालतें, हें कधींच कळणार नाहीं का, आजोबा?' हा तिचा पुढचा प्रश्न. कळतें. जमाखर्चाला न दिसणारा भेद लोहचुंबकाला दिसतो. बाल्टिमोर येथें १८७९ सालीं एडविन हॉल यानें सोन्याच्या पातळ वर्खांतून प्रवाह सोडून तो वर्ख प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रांत धरला, तेव्हां वर्खाच्या दोन कडांमध्यें बारीकसा विद्युद्दाब उत्पन्न झाला. प्रवाहाचा बाण तोच असला, तर चुंबक चालणाऱ्यांस, मग ते धन असोत वा ऋण, एकाच कडेला ढकलतो. त्या कडेवर काय सांचलें, यावरून वाटसरू ओळखावा. सोन्यांत ऋण सांचतें. जस्तांत मात्र धन सांचल्याची खूण मिळते, आणि तेथेंहि चालणारे इलेक्ट्रॉनच! त्याचा उलगडा विसाव्या शतकांतील पुंजसिद्धान्तानें केला. जस्ताचें हें कोडें तिनें वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलें आहे.