मी, एका शब्दात

मराठीच्या तासाला सरांनी फळ्यावर लिहिले, 'स्वतःचे वर्णन एकाच शब्दात करा.' वेळ पाच मिनिटे. क्षणभर शांतता, आणि मग शब्दांचा नुसता पाऊस! कुणी 'महत्त्वाकांक्षी', कुणी 'संवेदनशील', कुणी 'स्वच्छंदी'. मागच्या बाकावरून एक 'भुकेला' असाही शब्द आला. माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि... उभीच राहिले. सर म्हणाले, "बसा. तुमचा शब्द आम्हांला कळला." वर्ग हसला. मीही हसले. हसायला शब्द लागत नाहीत, एवढे तरी बरे.

तसे पाहिले तर माझ्यासाठी शब्दांची टंचाई कधीच नव्हती. आजी मला 'घुमी' म्हणते. "तोंडात मूग भरल्यात का गं?" हा तिचा रोजचा प्रश्न. शाळेच्या प्रगतिपुस्तकात बाई दरवर्षी 'शांत व गुणी' लिहीत. कॉलेजात मी 'बुजरी' झाले. आणि गेल्या उन्हाळ्यात पाहायला आलेल्या मंडळींनी पोह्यांच्या बशा खाली ठेवता ठेवता म्हटले, "पोरगी गरीब हाय, आमच्या घरात अशीच पायजे." न बोलणे तेच, पण ज्याला जे हवे होते ते त्याने त्यात पाहून घेतले. मी का बोलत नाही, हे मात्र कुणी विचारले नाही.

खरे सांगू? कारण अगदी एका अक्षराएवढे आहे. पहिल्या वर्षी मला वर्गात उतारा वाचायला सांगितला होता. पहिल्याच ओळीत मी 'पाणी'चे 'पानी' केले आणि पुढच्या तीन बाकांवर खसखस पिकली. त्या दिवसापासून मी घरी गुपचूप 'ण' घोटू लागले. एकदा चुलीपुढे सहज तोंडून निघाले, "आई, पाणी दे." आजी लगेच म्हणाली, "लई शिकली बया!" म्हणजे कॉलेजात 'न' म्हटला की हसतात आणि घरात 'ण' म्हटला की हसतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे यातून वाट कशी काढायची हे विचारणार कुणाला? मग तोंड उघडण्याआधी मी मनात अक्षरे निवडत बसते. निवडून होईपर्यंत बोलण्याची वेळ निघून गेलेली असते.

सरांचा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून मी ग्रंथालयात जाऊन दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' काढला. १९३२ ते १९३८ या काळात निघालेले त्याचे सात जाडजूड खंड पाहूनच धीर आला. एवढ्या शब्दांत एक तरी माझा असेलच! पण अबोल, भिडस्त, मुखदुर्बळ, आतल्या गाठीचा असे जे जे आठवले, ते सगळे दुसऱ्याने लांबून पाहून ठेवलेले नाव वाटले. आतून काय चालले आहे, ते त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हते.

मला हवा तो शब्द रानात मिळाला.

सप्टेंबरात मोठा पाऊस झाला. आमची जमीन मंगळवेढ्याच्या बाजूची, काळी. भूगोलात जिला रेगूर म्हणतात ती. शाळूची पेरणी खोळंबली होती. शेजारच्या हलक्या रानात दोन दिवसांतच पेरणी सुरू झाली. आबा मात्र रोज बांधावर जायचे, चार बोटे खालची माती उकरायचे, मुठीत दाबून गोळा करायचे आणि खाली टाकायचे. गोळा तसाच बसला की परत फिरायचे. "वाफसा न्हाई अजून."

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. पावसानंतर जमिनीत ओल असते पण चिखल नसतो, ओलीबरोबर हवाही खेळते, त्या अवस्थेला वाफसा म्हणतात. टाकलेला गोळा तेव्हा भुसभुशीत फुटतो. त्याआधी पाभर घातली तर फणाला चिखल चिकटतो, बी कुजते, ढेकळे होतात ती हंगामभर फुटत नाहीत. आणि फार उशीर केला तर तीच काळी दगडासारखी होते, तिला भेगा पडतात. काळीला वाफसा उशिरा येतो, कारण ती पाणी धरून ठेवते. त्यात तिचा दोष नाही. उलट त्याच धरलेल्या पाण्यावर पुढे शाळू येतो.

बांधावर उभी असताना वाटले, हा माझा शब्द! सरांना सांगितला असता तर म्हणाले असते, "अहो, हे नाम झाले. आणि तेही जमिनीचे, स्वभावाचे नव्हे." बरोबर आहे, सर. पण 'घुमी' म्हटले की माणूस जन्मभर घुमीच राहते. वाफसा आज नसेल, पण उद्या येतो.

त्याच आठवड्यात त्या उन्हाळ्यातल्या मंडळींचा निरोप आला, तुळशीचे लग्न झाले की बार उडवून टाकू. रात्री जेवताना आईने विषय काढला. स्थळ चांगले, जमीन बागायती, मागणी काही नाही. आजी म्हणाली, "तिला काय इचारायचं? ती कुठं बोलती?" आबांनी भाकरी मोडता मोडता माझ्याकडे पाहिले. मी अक्षरे निवडत बसले नाही.

"आबा, वाफसा न्हाई अजून. बी.ए. हुं द्या."

'न'च आला तोंडात. कुणी हसले नाही. आबांनी उत्तर दिले नाही. हात धुतला आणि बाहेर जाऊन बाजेवर बसले. आई रात्रभर माझ्याशी बोलली नाही. मंडळींना काय निरोप गेला, ते मला अजूनही नीट ठाऊक नाही.

सोमवारी पहाटे उठले तेव्हा आबा रानात गेले होते. कोनाड्यात एस.टी.च्या पासाचे पैसे ठेवलेले होते. मोजले, तर तीन महिन्यांचे भरले.